कमरेचं माप

शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी अश्विन गजभियेच्या टेबलावर त्याच्याच घरचं पाकीट आलं. नाव त्यानं नंतर वाचलं. आधी चिकटपट्टी ओळखली. राखाडी प्लास्टिकच्या पाकिटाचं तोंड पांढऱ्या कागदी पट्टीनं बंद केलं होतं, दवाखान्यात रक्त घेतल्यावर कापसाच्या बोळ्यावर लावतात त्या पट्टीनं. तीन तुकडे, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकाचं टोक आतल्या बाजूला किंचित दुमडलेलं, म्हणजे काढताना नखाला सापडावं. असं टोक दुमडणारी बाई त्याला एकच माहीत होती. ती या वेळी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कुणाच्या तरी दंडाला रबर बांधून शीर शोधत असेल. पाकिटावर लिहिलं होतं, मेघा गजभिये, प्रताप नगर. खाली वस्तूचं नाव: बायकांचा स्कर्ट, सुती, पारवा रंग, माप एल. अश्विननं ते पाकीट उचललं, पुन्हा ठेवलं, आणि वाडीतल्या त्या लांब पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या श्वासाचा आवाज आपल्याला ऐकू येतोय असं त्याला वाटलं. खरं तर तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. बाहेर अमरावती रोडवर ट्रक मागे घेत होते आणि आत सरकपट्टा चालू होता.

सहा वर्षं तो परत आलेले कपडे तपासत होता. लोक मोबाइलवरून कपडे मागवतात, घालून बघतात, परत पाठवतात. नागपुरातून परत आलेलं सगळं या शेडमध्ये येतं. बायकांच्या कपड्यांची दोन टेबलं, एक त्याचं, एक सोनिकाचं. पाकीट उघडायचं, वस्तू झटकायची, वास घ्यायचा, शिवण पाहायची आणि पडद्यावरच्या तीन चौकोनांपैकी एक दाबायचा. हिरवा म्हणजे वस्तू नवीच आहे, पुन्हा विकायला जाईल. पिवळा म्हणजे दोष आपल्याकडून गेला, वस्तू बाद. लाल म्हणजे गिऱ्हाइकानं वापरून परत पाठवली. मागणी नामंजूर, वस्तू चार दिवसांत त्याच पत्त्यावर परत. गिऱ्हाइकानं परत का पाठवलं, हे चौकोन दाबेपर्यंत दिसत नाही. पूर्वी दिसायचं. मग तपासणारे कारण वाचून त्याच नजरेनं बघायचे, फाटलंय म्हटलं की फाटलेलं सापडायचंच. म्हणून ते बंद केलं. आधी आपण काय पाहिलं ते सांगायचं, मग समोरच्यानं काय म्हटलं ते उघडतं. अश्विनला हा नियम आवडायचा. आणखी एक नियम होता. स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरचं पाकीट आलं तर ते शेजारच्या टेबलाला द्यायचं. हा नियम पाळायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, कारण मेघा काही परत पाठवतच नसे. मिक्सरचं भांडं मागवलं आणि झाकण दुसऱ्याच रंगाचं आलं, तिनं ठेवून घेतलं. मुलीला, दीक्षाला, पुण्याला शिकायला पाठवताना घेतलेली बॅग एका चाकावर लंगडायची, तीही ठेवून घेतली. आलं ते आपलं, असं ती म्हणायची. त्याला वाटायचं, हे लग्नाबद्दलही असावं.

शेजारच्या टेबलावर सोनिका वाकून एका कुर्त्याची काख हुंगत होती. ती त्यांच्या घरी जेवून गेली होती, मेघाचं नाव तिला पाठ होतं. अश्विननं पाकिटाचा कोड वाचून घेतला, वस्तू आपल्या नावावर चढवली आणि पडद्यावर ‘थांबवलं’ असं लिहून पाकीट पायाजवळच्या क्रेटमध्ये ठेवलं. थांबवलेली वस्तू जेवणाच्या सुट्टीनंतर निकालात काढावीच लागते. म्हणजे त्याच्याकडे साधारण अडीच तास होते. सहा वर्षांत त्यानं मोडलेला हा पहिला नियम.

तो स्कर्ट निवडायला त्याला तीन महिने लागले होते. आयुष्यात आपण कपडा असा निवडलाच नव्हता, हे त्याला त्या तीन महिन्यांत कळलं. शाळेत खाकी, मग बापाच्या टेलरकडे राखाडी टेरिकॉट, लग्नात सासऱ्यानं दिलेला कोट, आणि नंतर वर्षाला दोन पॅन्ट, त्याही ‘मागच्यासारख्याच’. जूनमध्ये केव्हा तरी, मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, तो मोबाइलवर सहज स्कर्ट बघू लागला. सहज हा शब्द त्यानं स्वतःला सांगितलेला होता. दिवसभर हाताखालून स्कर्ट जात असत, त्याला कापड कळत होतं, शिवण कळत होती. काय पाहिजे ते मात्र कळत नव्हतं, आणि पाहिजे असणं हेच इतकं अनोळखी होतं की तो पुन्हा पुन्हा फक्त तेवढंच बघायला परत येई. चुण्यांचा नको. घेर फार नको. नडगीच्या मध्यापर्यंत. अस्तर नको, खिसे पाहिजेत. पिस्ता रंग त्यानं एक आठवडा मनात ठेवला आणि सोडला. मग पारवा दिसला. शाळेच्या छपरावर बसणाऱ्या पारव्यांच्या मानेखाली असतो तो, निळा म्हणावा तर राखी. त्यानं मेघाच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजली. चौतीस. पॅन्टचं माप नेहमीच चौतीस होतं. तक्त्यात चौतीसला एल होतं. त्यानं एल मागवला, नाव मेघाचं दिलं, आणि पाकीट मंगळवारी येईल असा दिवस धरला.

स्कर्ट आला तेव्हा कळलं की बायकांची कंबर दुसरीकडे असते. पुरुष पॅन्ट पोटाखाली बांधतो आणि तिथलं माप सांगतो. तक्त्यातली कंबर बेंबीवरची होती, आणि बेंबीवर अश्विन अडतीस होता. सहा वर्षं तो ‘माप बसत नाही’ हे कारण दिवसातून चाळीस वेळा वाचत होता आणि मनात म्हणत होता, या बायांना टेप धरता येत नाही का. हुक लागायला त्याला श्वास सोडावा लागला. पण लागला. मग त्यानं आरशात पाहिलं नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची नेली आणि बसला. एवढंच. गुडघ्यांना एकमेकांची जाणीव झाली. पोटऱ्यांवरून वारा गेला आणि कुठंही अडला नाही. त्याला वाटलं होतं की आपल्याला लाज वाटेल किंवा मजा वाटेल. यातलं काहीच वाटलं नाही. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाच्या हातातली पिशवी कुणी न विचारता घ्यावी, तसं काहीतरी झालं. तो तासभर बसला. खिशात हात घातला तर हात मावला.

लुंगी त्याच्याकडे होती. उन्हाळ्यात रात्री तो लुंगीच लावायचा. लोकांनी विचारलं असतं तर त्यांनी हेच विचारलं असतं, की मग लुंगीत काय वाईट होतं? त्यानं स्वतःलाही विचारून पाहिलं होतं. लुंगी नेसावी लागते. ती आपण धरून ठेवतो म्हणून टिकते, झोपेतसुद्धा एक बोट गाठीवर असतं. स्कर्ट घालतात. हुक लावला की त्याची जबाबदारी संपते. कुणीतरी आधीच विचार करून, कापून, दोन्ही बाजूंनी उतार देऊन ठेवलेला असतो. तो विचार त्याच्यासाठी केलेला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. कुण्या बाईच्या कमरेसाठी केलेला. पण दुसऱ्यासाठी केलेल्या विचारात तासभर बसता येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

बापाला हे समजावता आलं नसतं. नत्थू गजभिये गिरणीत होते. छप्पन साली आठ वर्षांचे असताना ते आपल्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला आले होते आणि त्या गर्दीतलं त्यांना फक्त पांढरं आठवायचं. त्यांच्या बापाला गावात गुडघ्याच्या खाली धोतर नेसू देत नसत. हे ते चिडून नाही, माहिती म्हणून सांगायचे, जसं कुणी विहिरीची खोली सांगतं. चौदाव्या वर्षी त्यांना पहिली फुल पॅन्ट मिळाली. ती घालून ते पायी गावात गेले आणि पाटलाच्या ओट्यासमोरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा कशाला, असं लहानपणी अश्विननं विचारलं होतं. “पहिल्यांदा कोणी पाह्यलंच नव्हतं ना गा,” बाप म्हणाला होता. गिरणी बंद पडली, छातीत पाणी झालं, तरी ते दवाखान्यातही पॅन्ट घालून जायचे आणि क्रीझ मोडेल म्हणून मांडी घालून बसायचे नाहीत. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, निळा कोट, खिशाला पेन. त्या मंगळवारी स्कर्ट घालून अश्विन त्या तसबिरीसमोरून स्वयंपाकघरात गेला होता. तसबिरीची त्याला भीती वाटली नाही. त्या माणसानं याहून मोठी माणसं पाहिली असतील. भीती वाटली ती खुर्चीवर नीट ताठ बसलेल्या नत्थूची, जे आता कुठंच नव्हते.

आठ वर्षांचा असताना त्याला गोवर आला होता. चड्डी टोचायची, म्हणून आईनं, कौसल्यानं, आपला एक जुना परकर त्याच्या छातीशी बांधला. नऊ दिवस तो त्या परकरात पडून होता. मऊ, फिका, साबणाचा आणि चुलीच्या धुराचा वास असलेला. दहाव्या दिवशी पुरळ बसलं. आईनं विचारलं, “खाजवते काय रे अजून?” तो म्हणाला, “हो.” अकराव्या दिवशीही तो हो म्हणाला. बाराव्या दिवशी बापानं त्याची पाठ उघडून उजेडात पाहिली, काहीच नव्हतं. मारलं नाही. फक्त म्हणाला, “खोटं कायले बोलतं? पाहिजे असन तं पाहिजे म्हणाव.” त्यानं पाहिजे म्हटलं नाही. चड्डी घातली आणि खेळायला गेला. पुढची चाळीस वर्षं, त्याच्या माहितीप्रमाणे, तो खोटंही बोलला नाही आणि पाहिजेही म्हणाला नाही.

“अश्विनदादा, तुमचा पट्टा तुंबून राहिला,” सोनिका म्हणाली. “तब्येत बरी आहे ना?”

“आहे.”

“मंग हे पाहा.” तिनं एक लाल घेरदार स्कर्ट हवेत झटकला. “हे तेच आहे ना, पियुषनं घातलेलं? नाही, तसलंच दुसरं.”

दोन महिन्यांपूर्वी पॅकिंगवाल्या पियुषनं असाच एक स्कर्ट जीन्सवरून चढवून रॅकच्या मधल्या वाटेत गिरक्या घेतल्या होत्या. सोनिकानं मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकला, चार दिवसांत तो हजारो लोकांनी पाहिला. शेडचे प्रमुख रुपराव धावत आले होते. “भैताड, विकाचा माल हाय तो! लुंगी मेली का तुही?” पियुष हसत म्हणाला होता, “सर, पुण्याले पोट्टे घालूनच फिरून राहिले, फॅशन हाय.” “पुण्याले जाय मंग!” सगळे हसले. “दादा, तुमी एक घाला ना, मस्त जोडी होईन,” सोनिका त्याला म्हणाली होती, आणि तोही हसला होता. तेव्हा त्याला हेवा वाटला नाही की रागही आला नाही. फक्त एक तपासनिसाचं निरीक्षण मनात नोंदलं गेलं होतं, की जीन्सवरून घातला म्हणजे त्यानं तो घातलेलाच नाही.

“काय गा अश्विन,” आता खुद्द रुपराव टेबलाशी आले. सणाच्या विक्रीमुळे परतीचा माल दुप्पट झाला होता. “हात चालून नाही राहिला आज तुहा. एक पाकीट थांबवलेलं दिसते.”

“शंका आहे. जेवण झाल्यावर पाहतो.”

“तुले शंका? तू तं खिसे उलटे करणारा माणूस.” रुपराव पुढं गेले.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामं झालं. डबा न उघडता अश्विननं पाकीट टेबलावर घेतलं. पट्टीचं टोक नखाला लगेच सापडलं. स्कर्टला इस्त्री होती. त्यानं मंगळवारी तो गुंडाळून मूळ पाकिटात कोंबला होता आणि कपाटात तळाशी, आपल्या पांढऱ्या शर्ट-पॅन्टखाली ठेवला होता. ते पांढरे कपडे वर्षातून दोनदाच निघतात, म्हणून ती जागा. आणि आत्ता, पाकीट समोर असताना, त्याला आठवलं की दसरा आठ दिवसांवर आहे. दरवर्षी दहा दिवस आधी मेघा दीक्षाभूमीला जायचे कपडे काढते, नीळ घालते, उन्हात टाकते. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही. जी जागा वर्षभर सुरक्षित होती ती नेमकी याच आठवड्यात सुरक्षित नव्हती, आणि हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण पांढरे कपडे आपोआप दोरीवर दिसतात असंच तो धरून चालत आला होता.

गुरुवारी रात्री बादलीत पांढरे कपडे भिजत होते, म्हणजे तिला तो गुरुवारी सापडला. पाकिटात बिल होतं, बिलावर तिचंच नाव आणि परत पाठवायचा कोड. गुरुवारी रात्री तिनं भरीत केलं होतं. शुक्रवारी सकाळी तिनं त्याला विचारलं होतं की डब्यात लोणचं देऊ का. यापलीकडे काहीच नाही. तो ते दोन दिवस हातात घेऊन उलटेसुलटे करत होता, कुठं धागा निघालेला दिसतो का पाहत होता. तिला वाटलं असेल, चुकून आलेलं पाकीट आहे. किंवा दुसऱ्या कुठल्या बाईसाठी घेतलाय आणि मापानं अंदाज चुकलाय. किंवा तिला नीट कळलं असेल, आणि तिनं तो घराबाहेर काढला, आवाज न करता, जसं सकाळी उंदीर सापडला की चिमट्यात धरून बाहेर टाकतात, आणि नवऱ्याला उठवत नाहीत. सव्वीस वर्षांत काही परत न पाठवलेल्या बाईनं पहिली वस्तू परत पाठवली होती ती ही. शिवाय तिला माहीत होतं परतीचा माल कुठं जातो. कदाचित हे पाकीट नव्हतंच, निरोप होता. त्याला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. पकडलं गेल्याचा थकवा नव्हता तो. इतक्या छोट्या गोष्टीसाठी इतका विचार करावा लागतो याचा होता. खिडकीशी तासभर बसणं, त्याला एवढं सगळं लागतं.

मग हातांनी नेहमीचं काम सुरू केलं. झटकला. वास घेतला, इस्त्रीचा आणि डांबरगोळीचा. शिवण पाहिली. हुकाजवळचा धागा ताणलेला होता, पण इतका बारीक की घाईतल्या डोळ्यांना दिसला नसता. डावा खिसा उलटा केला, स्वच्छ. उजवा उलटा केला आणि शिवणीच्या कोपऱ्यात नखानं खरवडलं. नखात तांबूस तुकडा आला, मोहरीएवढा. सुपारी. खर्ऱ्यातली, तंबाखू-चुन्यात घोटलेली. दुसऱ्या मंगळवारी तो खिडकीशी बसून खर्रा चघळत होता आणि पुडी, पॅन्टच्या खिशात टाकावी तशी, उजव्या खिशात टाकली होती. सहा वर्षांत त्याला खिशांतून केसांच्या पिना सापडल्या, चॉकलेटचे कागद, एकदा एक दाताची कवळी. बाईच्या स्कर्टमध्ये खर्ऱ्याची सुपारी सापडली नव्हती. हा तुकडा सोनिकाला सापडला नसता. कुणालाच नसता. तो फक्त त्यालाच सापडू शकत होता.

हिरवा दाबला तर गोष्ट इथं संपत होती. तुकडा झटकून टाकायचा, आणि महिन्याभरात अकोल्याच्या किंवा भंडाऱ्याच्या कुण्या बाईनं तो नवा म्हणून घातला असता. पिवळा आणखी सोपा, हुकाचा धागा सैल, दोष आपला, वस्तू बाद, सगळे सुटले. त्यानं हुकावरून अंगठा फिरवला. धागा सैल नव्हता. एका अडतीस कमरेच्या माणसानं चौतीसचा हुक ओढून लावला होता. बापाचा आवाज आठवला असं म्हणता आलं असतं, पण तसं काही झालं नाही. दोन वाजायला सात मिनिटं होती आणि लोक हात पुसत परत येत होते. त्यानं पाहिलं ते त्याला माहीत होतं. त्यानं लाल दाबला. दाबून झाल्यावर त्याच्या मनात आलं की लाल म्हणजे वस्तू चार दिवसांत परत घरी. खरं म्हणून दाबला की परत यावा म्हणून, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं आणि पुढंही कधी आलं नाही.

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि गिऱ्हाइकाचं कारण उघडलं. पैसे परत मागण्याच्या रकान्यात काही नव्हतं. खूण बदलून मागण्याच्या रकान्यात होती. कारण: माप लहान. खाली, जिथं क्वचितच कुणी काही लिहितं, तिथं मेघानं देवनागरीत लिहिलं होतं, रक्ताच्या ट्यूबवरच्या चिठ्ठीवर लिहिते तसं, पूर्णविराम देऊन. ‘कमरेत घट्ट होतो. एक माप मोठा पाठवावा. रंग तोच पाहिजे.’ त्याच्या खाली यंत्रानं आपोआप लाल अक्षरात ओळ टाकली होती: वस्तू वापरलेली आढळल्यामुळे मागणी नामंजूर.

त्यानं ती ओळ मागे घेता येते का पाहिलं. येत नव्हती, हे त्याला सहा वर्षं माहीत होतं. मेघाचं वाक्य मात्र त्यानं पुन्हा वाचलं. पाहिजे. तिनं तो शब्द त्याच्या वतीनं लिहिला होता. नंतरची चार-पाच पाकिटं त्यानं काय तपासली ते आठवत नाही. अडीच वाजता मोबाइल वाजला. तो दोन रॅकच्या मधल्या वाटेत गेला, जिथं पियुष नाचला होता.

“काहो,” मेघा म्हणाली. मागं कुणीतरी नंबर पुकारत होतं, त्रेसष्ट, चौसष्ट. “मेसेज आला मले. वापरलेलं आढळलं म्हणते.”

“हो.”

“कोणाच्या टेबलावर गेलतं?”

“माझ्या.”

“म्हणजे तुमीच केलं नामंजूर.”

“वापरलेला होता, मेघा.”

“मले माहीत नाही का? इस्त्री कोण केली? दोनदा झटकला मी तो. काय सापडलं?”

“सुपारी. उजव्या खिशात.”

फोनवर एक आवाज आला. हसणं असेल, किंवा तिनं हातमोजा काढला असेल. “वा बाप्पा. खोटं दाबता नाही येत तुमाले, अन् कपाटात लपवता बरोबर.”

त्याला काहीतरी बोलायचं होतं. तो म्हणाला, “तू विचारलं नाहीस.”

“काय विचारू? गुरुवारी सकाळपासून शंभरावर लोकांचे रक्त काढले, घरी येऊन पांढरे कपडे भिजवले. पाह्यलं, हुक ताणला हाय. घट्ट होते म्हणून समजलं. विचारत बसाची ताकदच नव्हती.” मग जरा खाली आवाजात, “पहिल्यांदा वाटलं, कोणासाठी घेतला. मंग खिशात हात घातला तं खर्ऱ्याचा वास. तुमच्या वासाची बाई नागपुरात दुसरी कोण असन.”

“मेघा—”

“पासष्ट नंबर, बसा इथं, बाही वर करा,” ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली. आणि त्याला, “आता येईन ना तो परत घरी?”

“चार दिवसांत. बुधवारी.”

“ठीक हाय. शिवणीत दोन बोटं कापड सोडलेलं हाय, मी पाह्यलं. ते उसवून सैल करून देतो. येताना मोठे हुक आणजा, आपल्या डब्यातले बारीक हाये.” मग म्हणाली, “अन् खिडकीत नका बसत जाऊ. समोरची देवकीबाई दुपारभर गॅलरीतच राह्यते. आतल्या खोलीत बसा.”

“आतल्या खोलीत वारा नसतो,” तो म्हणाला.

“नसते,” मेघा म्हणाली. ते तिलाही मान्य होतं. “पाहू. पडदा आणू एखादा, पातळ.” आणि फोन ठेवला.

तो टेबलाशी परत आला. लाल चिठ्ठी छापून निघाली होती. त्यानं स्कर्टची घडी घातली, मेघाच्याच घडीवरून, पाकिटात सरकवला आणि तोंड बंद करायला कंपनीची तपकिरी पट्टी घेतली. ती ठेवली, तिच्याच तीन पांढऱ्या पट्ट्या पुन्हा दाबून बसवल्या. एक नीट चिकटेना. ती त्यानं अंगठ्यानं धरून ठेवली.

“निघाली का शंका?” पलीकडून रुपराव ओरडले.

“निघाली.”

“काय होतं?”

“वापरलेला होता,” अश्विन म्हणाला, आणि पाकीट परत जाणाऱ्या क्रेटमध्ये ठेवलं. पुढचं पाकीट पट्ट्यावरून आलंच होतं. हिरवा कुर्ता, माप एम, दोन खिसे. त्यानं दोन्ही उलटे करून पाहिले. काही नव्हतं.